नावाजलेल्या घड्याळाचा घाट बदलावा काय?

अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर या भागातील आपले अनेक बंधू घड्याळदुरुस्ती, शिलाई, चर्मकाम, लोहारकाम आणि किरकोळ विक्री या धंद्यांत आहेत. या सर्वांपुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच. आपला एखादा माल वर्षानुवर्षे चालत आलेला असतो, गिऱ्हाईक तो दुरूनही ओळखते. मग नवी पिढी म्हणते, "हे जुने झाले, याचा घाट बदला." बदलावे तर जुने गिऱ्हाईक तुटते, न बदलावे तर नवे येत नाही. या धड्यात आम्ही हाच प्रश्न घड्याळाच्या उदाहरणाने समजून घेणार आहोत, कारण घड्याळाच्या धंद्यात त्याची परीक्षा जगभर झालेली आहे आणि तिचे निकाल आपल्यासमोर आहेत.

कामाचे घड्याळ

काही घड्याळे शोभेसाठी जन्मतात, काही कामासाठी. रोलेक्स कंपनीचे 'सबमरिनर' हे १९५३ साली पाणबुड्यांसाठी तयार झाले. त्याच्या काचेभोवती मिनिटांच्या खुणांची एक फिरती कडी असते. पाण्यात उतरताना कडीची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती वेळ गेला ते एका नजरेत कळते. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरेल अशी केली गेली. धक्का लागून ती सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. माणूस लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही. जाड काटे, मोठ्या खुणा, अंधारात चमकणारा रंग, हे सारे असेच गरजेतून आले. आज हे घड्याळ श्रीमंतांच्या मनगटावर दिसते, पण त्याचा चेहरा कामाने घडवलेला आहे.

आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहाल पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या काळात बोरी नदीवर बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बांधला गेला. पाणी अडवणे हे बांधाचे काम आणि महाल ही त्याची शोभा. उद्या कोणी शोभा वाढवण्यासाठी त्या भिंतीला मोठ्या खिडक्या पाडू लागला तर आपण त्याला शहाणा म्हणणार नाही. घड्याळाचेही तसेच आहे. आधी काम कशावर उभे आहे ते ओळखावे, मग छिन्नी उचलावी.

जो बदल केलाच पाहिजे

जुने ते सर्व राखावे असे आमचे म्हणणे नाही. अंधारात दिसावे म्हणून पूर्वी घड्याळाच्या आकड्यांवर रेडियम धातूचा रंग लावत. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांत हा रंग लावणाऱ्या मुली ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठात धरत. त्यांच्यापैकी अनेकींची हाडे सडली आणि कित्येकींचा मृत्यू झाला. पुढे घड्याळ कंपन्यांनी रेडियम सोडले. आधी त्याहून सौम्य पदार्थ आणि नंतर पूर्णपणे निर्धोक रंग वापरात आला. घड्याळाचा चेहरा तोच राहिला आणि त्यातले विष गेले. माणसाच्या जिवाशी संबंध असेल तेथे परंपरेचे नाव सांगू नये.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या बंधूंनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९६० च्या आधीच्या जुन्या विलायती घड्याळात असा रंग असू शकतो. त्याची चमक गेली म्हणजे विष गेले असे नव्हे. रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. असा रंग नखाने किंवा चाकूने खरवडू नये, त्यावर फुंकर मारू नये, त्याच टेबलावर चहा-नाश्ता करू नये आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

आत बदल, बाहेर ओळख

ओमेगा कंपनीचे 'स्पीडमास्टर' १९५७ साली निघाले. १९६५ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने त्याची कसोटी घेऊन ते अंतराळवीरांसाठी पसंत केले आणि १९६९ च्या चांद्रमोहिमेत ते वापरले गेले. २०२१ साली कंपनीने त्याचे मशीन बदलले. नव्या मशीनवर लोहचुंबकाचा परिणाम जवळजवळ होत नाही. मात्र काळी डायल, पांढरे काटे, आतील तीन छोटी वर्तुळे आणि चावीने किल्ली देण्याची रीत कंपनीने कायम ठेवली. काचेऐवजी असलेले प्लॅस्टिकही ठेवले, कारण यानात काच फुटून तुकडे तरंगू नयेत म्हणूनच ते मुळात सोयीचे ठरले होते. ज्यांना न चरे पडणारी काच हवी त्यांच्यासाठी तसे घड्याळ वेगळे ठेवले. जुने गिऱ्हाईक रागावले नाही आणि नव्यालाही चांगली वस्तू मिळाली.

रोलेक्सच्याच 'एक्सप्लोरर' घड्याळाची गोष्ट याच्या उलट आहे. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्यावर ते बाजारात आले. वर्षानुवर्षे त्याची रुंदी ३६ मिलिमीटर होती. मोठ्या घड्याळांची हवा आली तेव्हा २०१० साली कंपनीने ती ३९ केली. ११ वर्षांनी, २०२१ साली, ते पुन्हा ३६ वर आणले. २०२३ साली ज्यांना मोठे हवे त्यांच्यासाठी ४० मिलिमीटरचे घड्याळ जोडीला ठेवले, लहान मात्र बंद केले नाही. इतक्या मोठ्या कंपनीलाही तीन मिलिमीटरसाठी माघारी यावे लागले. यातून शिकण्यासारखे हे की हवा पाहून ओळख बदलू नये. हवेचा माल ओळखीच्या मालाशेजारी मांडावा.

न बदलण्याचीही शिक्षा असते

येथे कोणी म्हणेल, "मग काहीच न बदललेले बरे." तेही खरे नाही. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे, म्हणजे सेलवर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीला आणले. ते चावीच्या घड्याळापेक्षा अचूक होते आणि पुढे फार स्वस्तही झाले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात १९७० च्या सुमारास सुमारे ९० हजार लोक कामाला होते. पुढच्या १५-१६ वर्षांत सुमारे एक तृतीयांशच उरले. सावरताना त्यांनी जुन्या नामांकित घड्याळांना प्लॅस्टिकचे रूप दिले नाही. १९८३ साली 'स्वॉच' या नव्या नावाने स्वस्त, रंगीत, सेलवरचे घड्याळ काढले. नवे रूप नव्या नावाने आले आणि जुन्या नावांची अब्रू राहिली.

आपल्या देशात एच.एम.टी.ने १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने घड्याळे बनवली. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' ही नावे आपल्या घराघरांत होती. नोकरी लागली, लग्न ठरले, की एच.एम.टी. घ्यायचे अशी रीत होती. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने सेलवरची पातळ, देखणी घड्याळे आणि चकचकीत दुकाने आणली. बाजार वळला आणि एच.एम.टी. मागे पडली. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. 'जनता'चा चेहरा चुकीचा नव्हता. आजही लोक ते घड्याळ शोधत फिरतात. पण त्याच्या जोडीला काळाचा माल वेळेवर आणि पुरेसा उभा राहिला नाही.

मुंबईची ओळख असलेले नाव

फाव्र-ल्युबा ही स्वित्झर्लंडची फार जुनी कंपनी. तिचा इतिहास १७३७ पासूनचा सांगतात. १९ व्या शतकातच ती भारतात आली आणि मुंबईच्या बाजारात तिचे नाव इतके रुळले की अनेकांना ती इथलीच वाटे. १९६२ साली तिने 'बिवॅक' हे गिर्यारोहकांचे घड्याळ काढले. त्यात हवेचा दाब मोजून उंची दाखवणारे यंत्र होते. १९६८ चे 'बॅथी' पाण्याची खोली दाखवी.

२०११ साली टायटनने हे नाव विकत घेतले आणि काही वर्षांनी 'रेडर' या मालिकेत अगदी नव्या घाटाची, मोठी आणि कोनदार घड्याळे काढली. कारागिरी कमी नव्हती. नवे 'बिवॅक ९०००' तर ९००० मीटरपर्यंत उंची मोजू शके. तरीही धंदा बसला नाही. २०२३ साली हे नाव एथॉस या भारतीय कंपनीकडे गेले आणि २०२४ साली ते पुन्हा बाजारात आले, तेव्हा नव्या मालासोबत जुन्या 'डीप ब्लू' आणि 'सी-स्काय' यांची मूळच्या वळणाची, मध्यम आकाराची घड्याळेही होती. केवळ घाटामुळेच आधीचा धंदा अडला असे म्हणता येणार नाही. महाग मालाच्या धंद्यात कारणे अनेक असतात. पण एवढे खरे की ज्याच्या मनात वडिलांच्या हातावरचे फाव्र-ल्युबा होते, त्याला नव्या घड्याळात ते सापडत नव्हते. नाव विकत घेता येते, आठवण विकत घेता येत नाही.

आपल्या टेबलावरचा प्रश्न

आता मोठ्या कंपन्या सोडून आपल्या दुकानात येऊ. जुन्या एच.एम.टी. आणि विलायती घड्याळांना देशात आणि परदेशात मागणी आली आहे. त्यामुळे जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल बसवून, कुठले काटे कुठल्या केसमध्ये घालून, तो माल "अस्सल जुना" म्हणून विकला जातो. परदेशातील शौकीन अशा मालाला तुच्छतेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव ऐकून आम्हाला वाईट वाटते, कारण त्यात हातांचे कसब खरे आहे. खोटी आहे ती फक्त चिठ्ठी.

येथे शरीअतचा मार्ग स्वच्छ आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. ती ओल लपवणे हा गुन्हा होता. डायल रंगवणे हराम नाही. रंगवलेली डायल मूळची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्या पैशात बरकत कशी येणार?

आणखी एक गोष्ट. कामाचे घड्याळ मुळात पोलादाचे असते. पुढे त्याची सोन्याची आवृत्ती निघते. पुरुषांना सोने वापरणे जायज नाही, हे आपण जाणतोच. तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाला पोलादी घड्याळ दाखवण्यात संकोच करू नये. मुलाम्याच्या घड्याळाबद्दल शंका असल्यास आपल्या गावच्या आलिमांना विचारावे.

ध्यानात ठेवण्याचे नियम

१. बदल करण्यापूर्वी मालाचा प्रत्येक भाग कोणत्या कामासाठी आहे ते लिहून काढा. ज्याचे काम ठाऊक नाही त्याला हात लावू नका.

२. जिवाला किंवा आरोग्याला धोका असलेला भाग लगेच बदला. तेथे खर्चाचा आणि परंपरेचा विचार नको.

३. आतील मजबुती, शिवण, धार, मशीन दर वेळी सुधारा. बाहेरची ओळख जपा. चपलेचा तळ मजबूत करा, पण गिऱ्हाईक ज्या वळणावरून ती ओळखते ते मोडू नका.

४. नवा घाट काढायचा तर नव्या नावाने, जुन्याच्या शेजारी मांडा. दोन्हींची विक्री वर्षभर वहीत वेगळी लिहा. निर्णय त्या वहीने द्यावा, दुकानात येऊन बोलणाऱ्या चार लोकांनी नव्हे.

५. कोणी वडिलांचे घड्याळ दुरुस्तीला आणले तर आधी मशीन साफ करून तेल द्या. डायल बदलण्याची घाई करू नका. तिच्यावरचे डाग ही त्या घराची आठवण असते आणि मूळ डायलमुळे किंमतही टिकते. गिऱ्हाइकाने आग्रहच धरला तर जुनी डायल पुडीत बांधून परत द्या.

६. काय बदलले ते बिलावर लिहा: "डायल नवीन, काच नवीन, मशीन मूळ." जुने घड्याळ पाण्यात चालेल अशी हमी तपासणीशिवाय देऊ नका, मागच्या झाकणावर काहीही कोरलेले असो.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे: नावाजलेले घड्याळ सुधारावे, पण त्याला अनोळखी करू नये, आणि जे बदलले ते झाकू नये. सहाव्या नियमातील बिल लिहायला दोन मिनिटे लागतात. पुढच्या आठवडी बाजारापासून आपल्या दुरुस्तीच्या प्रत्येक टेबलावर ते सुरू झाले, तर अणदूरच्या कारागिराकडून आलेले घड्याळ सोलापूरचा व्यापारी न उघडता घेईल, इन्शाअल्लाह.