कव्हर घातलं म्हणजे झालं?

राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर घर आहे, गोठा आहे, कांद्याची चाळ आहे. गाडीला मात्र छप्पर नाही. आजूबाजूला बहुतेकांची हीच तऱ्हा. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) वस्त्यांवर चारचाकी आल्या त्या घरं-गोठे बांधून झाल्यावर. पत्र्याखालची जागा ट्रॅक्टरनं आधीच धरलेली, आणि तो कमावता असल्यामुळे त्याला हलवायचं कोणाच्या मनातही येत नाही. मग गाडी जाते झाडाखाली आणि तिच्यावर चढतं कव्हर. आमच्या घरच्या गाडीची वाट त्या कव्हरखालीच लागली, म्हणून हे लिहितोय.

गाडी धाकट्या भावाची. नोकरीसाठी तो परदेशी निघाला तेव्हा ऐन पानगळीत ती अंगणातल्या कडुनिंबाखाली लावून, वर जाडजूड चंदेरी कव्हर बांधून गेला. "दादा, कव्हर अजिबात काढू नको, धूळ बसेल," एवढंच त्याचं सांगणं. गाडी त्याची, शब्द त्याचा. कोणी हात लावला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीला तो आला, कव्हर ओढलं, दार उघडलं आणि आतून कुबट वासाचा भपकारा आला. टपावरच्या रंगाला बारीक फोड आले होते. पायाखालचं मॅट उचललं तर गालिचा पिळून पाणी निघेल इतका ओला, सीटबेल्टवर पांढरी बुरशी. बॅटरी उतरलेली, ते वेगळंच.

फिटर आला. त्यानं इंजिनाकडे आधी बघितलंच नाही. वायपरच्या खाली जी प्लॅस्टिकची जाळी असते ती उचकटली, आत बोटं घातली आणि कडुनिंबाच्या कुजलेल्या काड्यांचा काळा चिखल मूठभर काढून बॉनेटवर ठेवला. काचेवरून ओघळलेलं पाणी त्या जाळीतून खाली उतरतं आणि दोन्ही कडेच्या भोकांतून जमिनीवर जातं. भोकं बुजली की पाणी तिथंच साचतं आणि हवेच्या वाटेनं गाडीत शिरतं. पाला कव्हर घालायच्या आधीच आत गेला होता; पाणी नंतर आलं, कारण वळवाच्या वाऱ्यात कव्हर आरशापाशी फाटलं होतं आणि फाटलेली जागा पलीकडच्या बाजूला असल्यानं कोणाच्या लक्षात आली नाही.

दुसरा शोध बॅटरीच्या मागं लागला. उंदरांनी बॉनेटच्या आतलं अस्तर कुरतडून घरटं केलं होतं. त्यात कांद्याची टरफलं आणि मक्याचं अख्खं बुरकुंड. हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरींचा जुडगा चावून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या.

आता कव्हरचं काय चुकतं ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त भरवसा लोक त्याच्यावरच टाकतात. आमची जमीन काळी. पावसानंतर ती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि ऊन पडलं की तीच ओल वाफ होऊन वर येते. वर हवा न जाणारं प्लॅस्टिक असलं की वाफेला वाट राहत नाही. गाडी कव्हरच्या आतच भिजते आणि तापते. दुसरं, वारं. कव्हर सैल असलं तर दिवसभर फडफडतं, आणि त्याच्या नि रंगाच्या मधे अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणून कव्हर घ्यायचंच तर हवा खेळणाऱ्या कापडाचं, गाडीच्या मापाचं, पोटाखालून पट्टा बांधता येईल असं. मळक्या गाडीवर ते चढवू नये, ओल्या गाडीवर तर मुळीच नाही. आणि ऊन असेल तेव्हा आठवड्यातून एकदा दोन-चार तास काढून ठेवावं, दारं उघडी टाकून, कोणीतरी जवळ असताना.

जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पाथर्डी, कर्जत, जामखेडला सबंध वर्षाची सरासरी पाचशे-सहाशेच्या आसपास. अकोल्याकडच्या माणसानं पावसाळ्यात कव्हरचा नाद सोडावा आणि पत्राच टाकावा. पूर्वेकडच्याची लढाई धुळीशी आणि उन्हाशी.

आमच्यासाठी मधला मार्ग शेडनेटचा निघाला. रोपवाटिका आणि ढोबळी मिरचीमुळे ते तालुक्याच्या गावी सहज मिळतं. चार पाइप मुरुमात रोवायचे, टपापासून हात-दीड हात वर, एका बाजूला उतार देऊन दाट विणीचं नेट ताणून बांधायचं. पाऊस त्यातून खाली येतो, पण गाडी वाळतेही लवकर. ऊन निम्म्याहून जास्त अडतं, पाखरांची विष्ठा बरीचशी वरच राहते आणि गारांचा मार थोडा बोथट होतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा शेवटचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. गाडीखाली मात्र मुरूम-खडी किंवा फरशी हवी. गवतावर किंवा काळ्या मातीवर उभी केलेली गाडी खालून गंजते. वाळल्या पाचटावर, कडब्यावर तर गरम गाडी लावूच नये. सायलेन्सरच्या उष्णतेनं पेट घ्यायला वेळ लागत नाही.

झाडाची सावली मला आता नकोच वाटते. पाला पडतो, चिकट थेंब पडतात, फांदी पडते, आणि पाखरं बसतात. विष्ठेतलं यूरिक आम्ल उन्हानं तापलेल्या रंगात डाग कोरतं, म्हणून ती दिसल्या दिवशीच काढावी: ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं ठेवायचं आणि अलगद उचलायचं, घासायचं नाही. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी आणि पाचटाची राख उडत येते, तिलाही कोरडं फडकं लावू नये. आधी पाणी मारून वाहू द्यावी. पाणी बोअरचं, क्षाराचं असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका. पांढरे ठिपके उठतात आणि मग जाता जात नाहीत.

उंदरांबद्दल प्रत्येक पारावर वेगळा उपाय ऐकायला मिळतो. तंबाखूची पानं बांधतात. वास आहे तोवर उपयोग, नंतर पुन्हा ताजी बांधावी लागतात. डांबरगोळ्यांचा वास एसीतून माणसांच्याच नाकात जातो. विष ठेवलं तर उंदीर मरायला नेमका डॅशबोर्डच्या आत जातो, शिवाय वस्तीवर कुत्री-मांजरं असतात. माझ्या मते खरा उपाय जागेचा आहे. उंदीर आधी धान्याला येतो, नंतर गाडीत राहायला जातो. चाळ, पेंडीची पोती, मक्याचा ढीग यांच्यापासून गाडी जितकी लांब तितकं बरं. हवा आत जायच्या तोंडावर बारीक तारेची जाळी मेकॅनिककडून बसवून घेता येते. आणि बॉनेट वरचेवर उघडायचं. ज्या घरट्यात रोज उजेड पडतो तिथं उंदीर टिकत नाही.

नगरचं रणगाडा संग्रहालय 1994 सालचं. तिथले कितीतरी रणगाडे ऊन-पाऊस झेलत उघड्यावर उभे आहेत, आणि आमच्याकडे कोणी ना कोणी त्यांचा दाखला देतोच, की लोखंडाला काय धाड भरते. पण त्या रणगाड्यांना सकाळी किल्ली मारून कोणाला बाजाराला जायचं नसतं. उघड्यावरच्या गाडीचं निम्मं नुकसान उन्हापावसानं होतं आणि निम्मं नुसतं उभं राहिल्यानं. जागेवर पाच मिनिटं इंजिन घुरघुरवून ठेवणं, जे सगळे करतात, ते फारसं कामाचं नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमधलं पाणी सुकत नाही. आठवड्या-पंधरवड्यानं अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी. ते जमणार नसेल तर बॅटरीची वजा बाजूची तार आधी सोडावी, टायरात हवा थोडी जादा भरावी, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा; ओढून ठेवलेला ब्रेक दमट हवेत चिकटून बसतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्षाचे. उन्हात उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच तडकतात, तेव्हा नक्षीपेक्षा तो आकडा बघा. टाकी भरलेली ठेवा. आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. टाकी भरलेली असली की दमट हवेला आत जागा कमी.

विम्याचं कार्ड एकदा नीट वाचा. फक्त थर्ड पार्टी असेल तर गारपिटीचा छदामही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत गारपीट धरलेली असते. उंदरांचं तसं ठाम नाही, कंपनीगणिक फरक पडतो, एजंटकडून लेखी घ्या. गाडी उभीच आहे म्हणून हप्ता चुकवू नका. मुदत संपून 90 दिवस उलटले की जमलेला नो-क्लेम बोनस जातो.

आणि अंगणात उभी असली तरी गाडीला कुलूप हवंच. वस्तीवर पोरं लपाछपी खेळतात. उघड्या गाडीत शिरलेलं, आत अडकून गुदमरलेलं मूल ही बातमी दर उन्हाळ्यात देशात कुठून तरी येते. किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशा खुंटीला ठेवा.

बऱ्याच दिवसांनी गाडी काढाल तेव्हा किल्ली मारायच्या आधी बॉनेटवर थाप मारा, खाली वाकून बघा. मांजरीची पिल्लं इंजिनाच्या उबेला असतात, उंदरांच्या मागं साप आलेला असतो. बॉनेट उघडून वायरींवर हात फिरवा, वायपरखालची जाळी साफ करून तिच्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते खाली जमिनीवर पडतंय का पाहा. मग तार जोडा, इंजिन चालू करा, काचा उघड्या ठेवा, एसी थोड्या वेळानं. ब्रेक दोन-तीनदा अंगणातच दाबून बघा. पहिली फेरी हवा भरायच्या दुकानापर्यंतच.