तांड्यावरची शाळा, एकच संगणक

प्रश्न : आमची द्विशिक्षकी शाळा तांड्यावर आहे. संगणक एकच, रेंज नाही. काय करावे?
– एक शिक्षिका, मानोरा तालुका, जि. वाशीम

उत्तर : ताई, एका संगणकापुढे चौघे बसवा आणि माउस हातोहात फिरू द्या. मुले आपसांत वाद घालतात, तिथेच शिकतात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपवर उघडतात. रेंज असेल तिथे धडे मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. पण नुसते व्हिडिओ दाखवू नका. तुमची मुले घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलत असतील, तर खरी शिदोरी तीच. याडीने, म्हणजे आईने, सांगितलेली गोष्ट त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करावी, वर्गात ऐकवावी. मोठ्या मुलांनी ती मराठीत टाइप करावी. पहिलीच्या मुलांना मी तरी व्हिडिओआधी ही घरची गोष्टच देईन.