*कोर्टाचं समन्स आलं तर गप्प बसू नका*



नेहमी पीक-सल्ला असतो, आज थोडं कागदपत्रांबद्दल. आपली कंपनी खत, बियाणं, क्रेट उधारीवर घेते आणि भाजीपाला उधारीवर देते. काही सभासदांची स्वतःची दुकानंही आहेत. म्हणून हे सगळ्यांच्या कामाचं.

*एकतर्फी निकाल म्हणजे काय?*
पुरवठादाराने थकलेल्या बिलासाठी दावा लावला, समन्स बजावलं गेलं आणि आपण हजरच झालो नाही, तर कोर्ट आपल्याशिवाय दावा चालवून हुकूमनामा देऊ शकतं.

समजा, त्याचं म्हणणं ४ लाख २० हजार येणं आहे. त्यातला ६० हजारांचा खराब माल आपण परत केलाय, पावती फाईलमध्ये आहे. पण कोर्टात कोणी गेलंच नाही, तर ती पावती दाखवणार कोण? पूर्ण रक्कम, वर व्याज आणि खर्च लागू शकतो. पैसे भरले नाहीत तर कंपनीचं बँक खातं जप्त होऊ शकतं. तुमच्या मालाचे पैसे त्याच खात्यातून येतात.

*काय करायचं?*
१) पाकीट घ्यायचं नाकारलं की सुटलो, असं नाही. नाकारलं तरी कोर्ट समन्स बजावलं असं धरू शकतं.
२) आलेली तारीख लिहून ठेवा. लेखी जबाब ३० दिवसांत द्यायचा असतो. साध्या दाव्यात कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. ३ लाख किंवा जास्त रकमेच्या व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर जबाब घेतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय.
३) व्यापारी दाव्याआधी बहुतेक वेळा विधी सेवा प्राधिकरणाकडून मध्यस्थीची नोटीस येते. तिथे जरूर जा. तडजोड तिथेच स्वस्तात होते.
४) 'समरी' दावा असेल तर हजेरी नोंदवायला फक्त १० दिवस. त्याच दिवशी वकील गाठा.

*निकाल लागून गेला असेल तर?*
रद्द करण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स नीट मिळालंच नव्हतं किंवा न येण्याचं सबळ कारण होतं, हे दाखवावं लागतं. समन्स मिळालंच नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. 'कामात होतो' एवढ्यावर भागत नाही.

*आपलेच पैसे अडकले असतील तर?*
समोरचा व्यापारी आला नाही म्हणजे आपण आपोआप जिंकलो, असंही नाही. जबाब नसला तरी कोर्टाने डोळे झाकून निकाल देऊ नये, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच सांगितलंय. सहीचं चलन, वजनकाट्याची पावती, बिल, फोनवरचे मेसेज जपून ठेवा. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. ठरलेली असेल तर ती संपल्यापासून ३ वर्षं.

जासईकरांना कोर्ट-कचेरी नवी नाही. दि. बा. पाटील साहेब याच गावचे, आणि वकील होते. भातावर करपा दिसला की आपण 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणत नाही. समन्सचंही तसंच.

कोणाकडे कंपनीच्या नावाचा कोर्टाचा कागद आला असेल तर त्याचा फोटो आजच ऑफिसच्या नंबरवर पाठवा आणि मूळ कागद आणून द्या. पुढचा सल्ला वकिलाचाच घ्या.