पावसाळा न पाहिलेलं लाकूड

पहिल्या वर्षी मी पूलच्या क्यूचे 12 शाफ्ट कातले. मे महिन्याच्या शेवटी ते खेळणाऱ्यांच्या हातात दिले आणि जुलै अर्धा उलटायच्या आत त्यातले 9 वाकून परत आले. एका मुलाची दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. "दादा, नेम माझाच चुकतोय असं वाटत होतं हो," म्हणत त्याने शाफ्ट काचेच्या टेबलावर फिरवून दाखवला. मधोमध खालून उजेड दिसत होता. त्याचे पैसे मी परत केले, पण त्या स्पर्धेसाठी त्याला सरळ क्यू काही देऊ शकलो नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

क्यूचे दोन भाग असतात. हातात धरायचा तो बट, चेंडूला भिडणारा तो शाफ्ट. बट जाड असतो, लाकडाची थोडीफार खोड पोटात घालतो. शाफ्ट मात्र 29 इंच लांब, जोडाशी साधारण 21 मिलिमीटर आणि टिपेशी 12-13 मिलिमीटर. इतक्या बारीक काठीत लाकडाचा स्वभाव लपत नाही. शाफ्टसाठी जगभर हार्ड मेपल वापरतात. ज्या झाडाच्या रसाचं सिरप करतात, तेच हे उत्तर अमेरिकेतलं झाड. लाकूड कडक, छिद्रं अगदी बारीक, त्यामुळे हातावरून गुळगुळीत सरकतं.

माझ्याकडे आलेल्या मेपलच्या चौरस पट्ट्या भट्टीत सुकवलेल्या होत्या. ओल मोजायचं यंत्र 7 टक्के दाखवत होतं. एवढं कोरडं लाकूड म्हटल्यावर आता वाट कशाची पाहायची, असं मला वाटलं. पण लाकूड एकदा सुकलं म्हणजे कायमचं सुकलं असं नसतं. ते सतत भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण करत राहतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते, तेव्हा लाकडातली ओल 6 टक्क्यांवर स्थिरावू पाहते. झडीच्या दिवसांत आर्द्रता 80 च्या वर जाते आणि तेच लाकूड 16 टक्क्यांकडे सरकू लागतं. मी उन्हाळ्यात कातलेला शाफ्ट पहिल्यांदा पाणी प्यायला तो गिऱ्हाइकाच्या घरी.

दुसरी चूक घाईची. 25 मिलिमीटरची पट्टी मी चार दिवसांत शेवटच्या मापावर आणली. लाकडाच्या आत ताण असतात, काही झाड वाढतानाचे, काही भट्टीत बाहेरचा थर आधी सुकल्यामुळे आलेले. ते एकमेकांना तोलून धरतात म्हणून पट्टी सरळ दिसते. बाहेरचा थर कातला की तोल बिघडतो आणि लाकूड नवी बैठक शोधतं. ती शोधायला मी त्याला वेळच दिला नाही.

वाकलेले शाफ्ट गरम करून, दाबून मी सरळही करून पाहिले. पंधरा दिवसांत ते पुन्हा तसेच. वाकलेला शाफ्ट लेथवर परत कातून सरळ करणं त्याहून वाईट, कारण बाक काढता काढता माप जातं आणि कल तसाच राहतो. शेजारचे सुतारकाका ते पाहत होते. मी म्हटलं, "काका, मशीनवर तर एकदम सरळ होता." ते म्हणाले, "मशीनवर सरळच असणार रे बाळा. दोन्ही टोकं धरलीयत तू त्याची. सोडल्यावर कसं राहतंय ते बघ. आम्ही दाराच्या चौकटीलासुद्धा पावसाळा काढल्याशिवाय लाकूड घ्यायचो नाही." माझी कामाची सगळी पद्धत त्या वाक्याने बदलली.

पण मुळात पट्टी चुकीची निवडली असेल तर चार पावसाळे काढूनही उपयोग नाही, म्हणून निवडीबद्दल जरा जास्त लिहितो. वार्षिक वलयांच्या रेघा एका बाजूवर सरळ दिसल्या की मी पट्टी पसंत करायचो. ते अर्धंच पाहणं झालं. खोडातले तंतू कधी कधी पिळाने वर चढतात. अशा वेळी वलयांच्या रेघा सरळ दिसतात, तंतू मात्र तिरके जात असतात. म्हणून शेजारची बाजूही पाहा. ज्या बाजूवर वलयांचे डोंगरासारखे आकार दिसतात, तिथे मेपलमध्ये बारीक, गडद, तुटक रेघा असतात. त्या रेघा तंतूंची खरी दिशा सांगतात. दिसत नसतील तर तिथे शाईच्या पेनाने एक थेंब टेकवा. शाई तंतूंच्या वाटेने ओढली जाते. फूटभर लांबीत रेघ 5-6 मिलिमीटरहून जास्त बाजूला सरकली, तर मी ती पट्टी शाफ्टला घेत नाही. खोडाच्या मध्याजवळचं लाकूडही नको, ओल बदलली की ते लांबीतसुद्धा आक्रसतं आणि फुगतं. गाठ किंवा गाठीभोवतीचं वळण असेल तर विचारही करू नका. नाकारलेल्या पट्ट्यांपासून पटाश्यांच्या मुठी आणि लाटणी उत्तम होतात.

निवडलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना मेण लावा, कारण टोकांतून ओल कित्येक पट वेगाने आत-बाहेर होते. मग वजन करून तारीख आणि ग्रॅम पट्टीवरच पेन्सिलीने लिहा. ओल मोजायच्या यंत्रापेक्षा माझा या वजनावर जास्त भरवसा आहे. मे महिन्यात 325 ग्रॅम भरलेली पट्टी ऑगस्टअखेर 345 च्या घरात गेलेली मी पाहिली आहे, आणि दिवाळीनंतर ती हळूहळू उतरते. सलग तीन आठवडे काटा हलला नाही की कातायला घ्यायची.

कातायचं तेही टप्प्याटप्प्याने. आधी नुसती गोल काठी, मग निमुळता आकार, नंतर दर खेपेला अर्धा-पाऊण मिलिमीटर. दोन खेपांमध्ये किमान तीन आठवडे शाफ्ट एका टोकाने मोकळा टांगून ठेवा, भिंतीला टेकवून नको. प्रत्येक खेपेआधी तो सरळ आहे का पाहा. जो एकदा वाकला तो बाजूला काढा, कितीही सुंदर दिसला तरी. माझ्या हिशेबात दहा पट्ट्यांतून सहा शाफ्ट निघाले तर ती खेप चांगली.

बटासाठी आपली शिसवी फार सुरेख लाकूड आहे, वजनदार आणि पॉलिश छान घेणारं. शिसवी आणि साग तेलकट असतात, तेव्हा जोड चिकटवण्याआधी ती जागा ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावा. शाफ्ट कातून झाला की फेरूल, म्हणजे टिपेखालची टोपी, बसवण्याआधी तिच्याखालचं टोकसुद्धा सीलरने बंद करा. हे टोक बहुतेक जण विसरतात.

एप्रिल-मे महिन्यात कोणी क्यू मागायला आलं आणि तुमच्याकडे पावसाळा काढलेलं लाकूड नसेल, तर आगाऊ रक्कम घेऊ नका. त्याला पुढच्या वर्षीच्या संक्रांतीची तारीख द्या, आणि ती का देताय तेही सांगा.