फडणीस म्हणजे नाना नव्हे

आडनाव सांगितले की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, मुख्यमंत्री तुमचे कोण लागतात? दुसरा जरा इतिहास वाचलेल्या माणसाचा: म्हणजे तुम्ही नाना फडणीसांच्या घराण्यातले? पहिल्यावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्यावर मात्र आमच्या घरातली बुजुर्ग मंडळी आजवर नुसती मान डोलावत आली. पुढे काकांनी वंशावळी तयार करून देणाऱ्या एका गृहस्थांना चांगली रक्कम मोजली आणि मान डोलावण्याला कागदी आधार आणला. सोनेरी चौकटीतला वृक्ष, मुळाशी नाना, शेंड्याला आमची नातवंडे. कुलसंमेलनात रंगीत प्रती वाटल्या गेल्या आणि बऱ्याच घरांत त्या बैठकीच्या खोलीत लागल्या.

ती वंशावळ तपासायला दफ्तरखान्यात जावे लागले नाही. ग्रंथालयातली दोन पुस्तके पुरली.

नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. 1742 साली साताऱ्यात जन्म, घराणे कोकणातल्या वेळासचे. 13 मार्च 1800 रोजी ते पुण्यात वारले, तेव्हा मागे पत्नी जिऊबाई होत्या, मुलगा नव्हता. आमच्या वृक्षात मात्र नानांना एक ‘जनार्दन’ नावाचा मुलगा लावला होता आणि त्याच्यापासून आम्ही. शिवाय नाना आणि माझे खापरपणजोबा यांच्यात हा एकच जनार्दन. खापरपणजोबांचा जन्म 1860 च्या आसपासचा. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर मध्ये निदान तीन पुरुष हवेत. तिसरी गोष्ट तर घरच्या देवघरातच होती. आम्ही देशस्थ, भानू चित्पावन. हे काकांना सांगितले तर ते म्हणाले, “अरे, तेव्हा दत्तकबित्तक चालायचं.” दत्तकही गोत्र पाहून घेतले जाई, आणि सरकारदरबारी त्याचा कागद होई, हे ऐकायला ते थांबले नाहीत.

मूळ घोळ आडनावाचा आहे. फडणीस हा हुद्दा. दरबाराच्या फडावरचे हिशेब आणि नोंदी ज्याच्या हाती, तो फडणीस. पुण्यात पेशव्यांचा होता तसा शिंदे-होळकरांकडे होता, आणि लहानसहान जहागिरदाराच्या वाड्यावरही असे. देशस्थ, कऱ्हाडे, चित्पावन, कायस्थ प्रभू, सगळ्यांत फडणीस सापडतात आणि त्यांचा आपसात रक्ताचा संबंध असायचे कारण नाही. चिटणीस, पोतनीस, सबनीस, देशमुख, कुलकर्णी, पाटील यांचेही तेच. हुद्द्याचे आडनाव लावणाऱ्याने प्रसिद्ध माणसापासून खाली उतरायला जाऊच नये. तसे केले की कुठेतरी एक जनार्दन जोडावाच लागतो. आपल्यापासून सुरुवात करावी आणि एकेक पिढी वर चढावी. जिथे पुरावा संपला तिथे थांबावे.

पहिल्या तीन पायऱ्या घरातच मिळतात. श्राद्ध करणाऱ्याला वडील, आजोबा, पणजोबांची नावे आणि गोत्र तोंडपाठ असते, ते लिहून घ्या. आजी-आत्यांना विचारा, माहेर-सासरच्या सोयरिकी पुरुषांपेक्षा त्यांनाच नीट आठवतात, आणि छापील वंशावळीत नेमकी त्यांचीच नावे नसतात. एक इशारा: आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. नानांच्याच घरात बाळाजी महादेव, त्यांचे जनार्दन बल्लाळ, त्यांचे बाळाजी जनार्दन. नुसते ‘बाळाजी’ किंवा ‘जनार्दन’ वाचून दोन पिढ्यांची एक किंवा एकीच्या दोन होतात. नाव, बापाचे नाव आणि गाव, तिन्ही जुळल्याशिवाय माणूस ओळखू नये.

त्यानंतर तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, जिथे पूर्वज गेले असतील तिथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या या खऱ्या वंशावळी. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की पान निघते आणि त्यावर पूर्वजाने स्वतः भावांची, मुलांची नावे लिहिलेली असतात. आमच्या खापरपणजोबांची सही तिथेच सापडली. मोडी अक्षर सुरेख. आडनावाच्या जागी ‘कुलकर्णी’, पुढे बारीक अक्षरात ‘हल्ली फडणीस’. म्हणजे फडणीस खरवडले तर खाली दुसरा हुद्दाच निघाला! त्याहून जुन्या एका नोंदीवरून कळले की कराडच्या बाजूला एका छोट्या जहागिरदाराचे हिशेब आमचे घराणे सांभाळत असे. मला हे नानांपेक्षा कमी वाटले नाही, काकांना वाटले.

गावच्या कागदांत जन्म-मृत्यूची जुनी नोंद म्हणजे पूर्वीचा गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणत. जुने फेरफार आणि वारसनोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. पण फेरफाराची नक्कल मागितली की भाऊबंदांना वाटते, हा जमिनीच्या मागे लागलाय. आधी घरात बोलून घ्या, मग अर्ज करा. आमच्याकडे एका चुलतभावाने त्यावरून वर्षभर बोलणे टाकले होते.

पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर म्हणजे कापडी रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे. तिथे आडनाव सांगून काही हाती लागत नाही. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडून छापलेले 45 खंड आधी चाळावेत. इनाम असलेल्या घराण्यांना 1852 नंतर इनाम कमिशनपुढे कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या, त्याही उपयोगी. मात्र त्या इनाम टिकवण्यासाठी दिल्या होत्या हे विसरू नका. तिथेही सोयीचे जनार्दन असतात.

मोडी स्वतः शिकता आली तर उत्तम. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी ती वाचणारी माणसे आहेत. दुसऱ्याकडून वाचून घेतलेत तर ओळीला ओळ लिप्यंतर मागा, नुसता सारांश घेऊ नका. सालांचे भान ठेवा. शकात 78, फसलीत 590, शुहूर सनात साधारण 599 मिळवले की इसवी सन येतो. फसली आणि शुहूर यांची गल्लत झाली की नऊ-दहा वर्षांचा फरक पडतो आणि मुलगा बापाच्या आधी कारभार करू लागतो.

पैसे घेऊन वंशावळ देणारा भेटला तर त्याला एवढेच विचारा: प्रत्येक नावापुढे कोणता कागद, कुठे, कोणत्या तारखेचा? आमच्या गृहस्थांनी या प्रश्नानंतर फोन उचलणे बंद केले. आणि नाते सापडलेच तर? तेही शक्य आहे. नानांना भाऊबंद होते, मोरोबादादा फडणीस हे त्यांचे चुलतभाऊ, आणि भानूंच्या इतर शाखाही आहेत. पण तेव्हा ‘वंशज’ म्हणू नका, ‘त्याच कुळातले’ म्हणा.

घरात मोडी कागद असतील तर ते लॅमिनेट करू नका, रद्दीत घालू नका. ऊन लागू देऊ नका. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही, अगदी ओळखीच्या अभ्यासकाच्याही, हवाली करू नका.