वजन माझं, तपासण्या तिच्या!

प्रश्न : वय ३३, उंची १७० सेंमी, वजन ९८ किलो. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. पत्नीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझ्या वजनामुळे अडचण येत असेल का?

उत्तर : येऊ शकते. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं, त्यामुळे शुक्राणूंची निर्मिती मंदावू शकते. शिवाय जाड मांड्यांमुळे वृषणांचं तापमान वाढतं. ते शुक्राणूंना मानवत नाही. तरी सगळं खापर वजनावर फोडू नका. आधी वीर्यतपासणी करा. (खरं तर ती पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती!) वजन उतरवायला जिमला गेलात आणि तिथे कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं, तर साफ नकार द्या, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे वजन उतरल्यावर लगेच फरक दिसणार नाही. रिपोर्टमध्ये दोष निघाला, तर वजन उतरायची वाट न पाहता अँड्रॉलॉजिस्टना (पुरुषांच्या प्रजनन-समस्यांच्या तज्ज्ञांना) भेटा.