गादी वाफा आणि मातीचा जमाखर्च

माळव्याची काळी जमीन सुपीक म्हणून प्रसिद्ध आहे. मग फ्रीगंजमधील एखाद्या घराच्या परसात भाजी का खुरटते? ही चिकण माती पावसात फुगते, तिच्यातील हवेच्या वाटा बुजतात व मुळे गुदमरतात; उन्हाळ्यात ती आकसून तिला भेगा पडतात. त्यात बांधकामाचा विटा-चुन्याचा चुरा मिसळला, की जमीन अधिकच निकस होते. काळ्या मातीत चुना व पालाश बहुधा पुरेसे असतात. उणीव असते ती नत्राची आणि सेंद्रिय द्रव्याची.

यावर पहिला उपाय म्हणजे गादी वाफा. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सुमारे नऊ इंच उंच वाफा केला, की जादा पाणी बाजूच्या सरीतून निघून जाते. काठावरूनच हात पोचत असल्याने माती पायांखाली दबत नाही. मात्र माती नुसती उंच केल्याने तिचा स्वभाव पालटत नाही. त्यासाठी कंपोस्ट हवे.

कंपोस्टची प्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ आपल्या शेजारीच जन्मली. १९२४ साली इंदूरला स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी ती सिद्ध केली आणि १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि तीन वेळा खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून ढीग जमिनीवर रचावा. कच्चा कचरा वाफ्यात मिसळू नये. तो कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो व रोपे पिवळी पडतात.

वरील वाफ्यावर दोन इंच थर देण्यास पाच घनफूट खत लागते. ते वरच्या सहा इंचांत मिसळावे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पुढचा हिशेब परिचित आहे. प्रत्येक पीक म्हणजे मातीच्या खात्यातून केलेली उचल होय. सेंद्रिय द्रव्य झिजते, वाफा खचतो. हा झाला घसारा. दर वर्षी निदान एक इंच, म्हणजे अडीच घनफूट खताची तरतूद केली नाही, तर आपण मेथी-पालक नव्हे, भांडवलच खात असतो. यंत्राचा घसारा विसरणारा कारखानदार बुडतो; मातीचा विसरणाऱ्याची गत निराळी कशी होईल?